मींडेत उलटा पळणारा सूर

सोलापुरात लग्नाची वरात असो, गणपती असो की जयंतीची मिरवणूक, बेंजो पार्टी लागतेच. पूर्वी नुसता बेंजो आणि ताशा-ढोल असायचे. आता जोडीला कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि ट्रॉलीवर चढवलेले हॉर्नवाले स्पीकर आले. नवी पेठेतल्या माझ्या दुकानात या पार्ट्यांचे कीबोर्ड आणि अँप्लिफायर दुरुस्तीला येतात. ते उघडता-जोडता मनाने घेतलं की आपल्या लोकांच्या वाजवण्याला शोभेल असा एक छोटा सिंथ, म्हणजे विजेवर आवाज तयार करणारं वाद्य, आपणच बनवायचा. आवाज एकच, लीडचा. पण त्यात मींड सरळ निघाली पाहिजे आणि वरच्या सप्तकात सूर घाण होता कामा नये. टीन्सी ४.१ हा ६०० मेगाहर्ट्झचा बोर्ड घेतला, त्यावर ऑडिओ बोर्ड बसवला, मींडेसाठी बोट घासायची एक लांब पट्टी लावली. बाकीचं सगळं काम कोडमध्ये.

त्या कामात सगळ्यात जास्त वेळ ऑसिलेटरने, म्हणजे मूळ लहर बनवणाऱ्या भागाने खाल्ला, खरं तर एलियासिंगने, म्हणजे न छेडलेले सूर मध्येच उमटण्याने. ज्यांना हे स्वतः करून बघायचंय त्यांना नेमकं कुठे काय ऐकू येतं आणि कशाने जातं ते कळावं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सॉ लहर बनवणं दिसायला अगदी सोपं. एक आकडा शून्यापासून एकापर्यंत ठरावीक पावलाने वाढवत न्यायचा, एक ओलांडला की त्यातून एक वजा करायचा. याला फेज म्हणतात. फेजची दुप्पट करून एक वजा केला की उणे एक ते अधिक एक अशी चढत जाणारी आणि झटक्यात खाली पडणारी लहर मिळते. सगळी गोम त्या झटक्यात आहे. झटका जितका तीक्ष्ण तितके त्यात स्वरांश, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींतले सूर, जास्त, आणि सॉमध्ये ते कधी संपतच नाहीत: दुसरा स्वरांश पहिल्याच्या निम्मा, तिसरा एक तृतीयांश, शंभरावा एक शतांश, असं चालूच राहतं. सेकंदाला लहरीचे ४४,१०० आकडे, म्हणजे नमुने, घेतले तर त्या नमुन्यांत २२,०५० हर्ट्झपर्यंतचेच सूर मावतात. त्याच्या वरचे सूर गायब होत नाहीत, ते दुमडून खाली येतात.

३००० हर्ट्झची सॉ घ्या. २१,००० चा सातवा स्वरांश जेमतेम आत बसतो. आठवा २४,००० चा, तो २०,१०० वर येऊन पडतो. तिथे कोणाला ऐकू येत नाही म्हणून सोडून देऊ. पण पुढे बघा. तेरावा ३९,००० चा, तो ५१०० वर येतो. चौदावा ४२,००० चा, तो २१०० वर. पंधरावा ४५,००० चा, तो थेट ९०० वर. म्हणजे आपण वाजवलेल्या सुराच्याही खाली दोन सूर वाजतायत, जे वाजवणाऱ्याने छेडलेलेच नाहीत, आणि ते मूळ सुरापेक्षा फक्त २३ डेसिबलने खाली आहेत. ३००० च्या स्वरांशांत ते कुठेच बसत नाहीत.

आमच्या पूर्व भागात ज्यांचं लहानपण यंत्रमागाच्या शेडमध्ये गेलं त्यांना हे वेगळ्या रूपात माहीत आहे. जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली मागाचं चाक कधी थांबल्यासारखं, कधी उलटं फिरल्यासारखं दिसतं. ट्यूब सेकंदाला शंभरदा मंद-प्रखर होते आणि चाक दोन प्रखर क्षणांच्या मध्ये किती फिरलं हे डोळ्याला कळत नाही. नमुन्यांच्या मध्ये लहर किती वेळा हलली हे ऑसिलेटरच्या आकड्यांनाही असंच कळत नाही.

बरेच जण म्हणतात, एवढं काय त्यात, गाण्यात कोणाला कळतंय. चार-पाच सुरांच्या कॉर्डमध्ये, मागे ड्रम आणि बेस चालू असताना खरंच कळत नाही. खालच्या सप्तकात तर अजिबात नाही: ११० हर्ट्झच्या सुराचा दुमडणारा पहिला स्वरांश दोनशे एकावा, मूळ सुरापेक्षा ४६ डेसिबलने खाली, आणि तो येऊन पडतो २१,९९० वर. पण आपलं संगीत तसं नाही. खाली तानपुरा किंवा पेटीचा सा धरलेला असतो, वर एकटाच सूर चालतो, आणि तो सूर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर घसरत जातो. एलियासिंग उघडं पाडायला याहून चांगली परीक्षा मला तरी माहीत नाही. धरलेला सा हा फूटपट्टीसारखा शेजारी उभा असतो, आणि मींडेत तर चोर पळतानाच सापडतो.

तो कसा पळतो ते आकड्यांतच बघा. सूर ३००० वरून ३१०० वर नेला. चौदावा स्वरांश ४२,००० वरून ४३,४०० वर गेला, म्हणजे त्याचा दुमडलेला भूत-सूर २१०० वरून ७०० वर उतरला. बोट १०० हर्ट्झ वर गेलं आणि भूत १४०० हर्ट्झ खाली. पंधराव्याचं भूत त्याच वेळी ९०० वरून २४०० वर चढलं. दोघं एकमेकांना छेदून गेले.

साधा ऑसिलेटर मी मुद्दाम तसाच ठेवून माझ्या एका बेंजोवाल्या मित्राला ऐकवला. मोबाइलवर काळी एकचा तानपुरा लावला आणि त्याच्या हातात पट्टी दिली. तो लहानपणापासून बेंजो वाजवतो, गणिताशी त्याचा काही संबंध नाही. मधल्या सप्तकात त्याने दोन-चार हरकती घेतल्या, मान डोलावली. मग पट्टीच्या अगदी टोकाला जाऊन एक संथ मींड घेतली आणि थांबला. परत घेतली.

“हे खाली कोण उलटं पळायलंय बे?”

एवढंच म्हणाला. पुस्तकात आकृती काढून जे समजावतात ते त्याने एका मींडेत पकडलं. त्या दिवसापासून माझी कसोटी ठरली: तानपुरा, टोकाची संथ मींड, आणि त्याचे कान. स्पेक्ट्रमचा आलेख नंतर.

आता उपाय. पहिली गोष्ट म्हणजे पुढे फिल्टर लावून हे जात नाही. ९०० हर्ट्झचा भूत-सूर एकदा नमुन्यांत उमटला की तो खऱ्या ९०० हर्ट्झसारखाच असतो, त्याला वेगळं काढायची खूण उरत नाही. जे करायचं ते लहर जन्माला येतानाच.

ओव्हरसॅम्पलिंग सगळ्यांना आधी सुचतं, मलाही ते आधी करून बघावंसं वाटलं. लहर आठपट वेगाने बनवायची, मग वरचं गाळून दर आठातला एक नमुना ठेवायचा. आठपट म्हणजे सेकंदाला ३,५२,८०० नमुने. आता ऐकू येण्याच्या टप्प्यात येऊन पडायला ३००० च्या सुराचा स्वरांश एकशे अकरावा किंवा त्यापुढचा लागतो. त्यांची ताकद मूळ सुरापेक्षा साधारण ४१ डेसिबलने कमी. २३ वरून ४१, म्हणजे आठपट काम करून १८ डेसिबल पदरात पडले. सॉचे स्वरांश सप्तकामागे फक्त ६ डेसिबलनेच उतरतात, त्यामुळे वेग दुप्पट केला की ६ मिळतात, पुन्हा दुप्पट केला की आणखी ६. हेडफोन लावून तानपुऱ्यावर मींड घेतली की उलटा पळणारा तो सूर बारीक का होईना, ऐकू यायचाच. एकट्या ओव्हरसॅम्पलिंगवर विसंबणं मला महागाचं काम वाटतं.

मग वेव्हटेबल. लहर आधीच स्वरांशांची बेरीज करून बनवून ठेवायची आणि २२,०५० च्या वरचा एकही स्वरांश त्यात घालायचाच नाही. ४४० हर्ट्झपर्यंतच्या सुरांसाठी पन्नास स्वरांशांचा तक्ता, ३५२० पर्यंतच्या सुरांसाठी सहाचा. दर सप्तकाला एक तक्ता, प्रत्येकी २०४८ आकडे, असे दहा तक्ते ८० किलोबाइटमध्ये बसतात. टीन्सीला ते काहीच नाही. एका जागी उभ्या सुरासाठी हा उपाय उत्तमच आहे. पण मींड आली की याचंही बिंग फुटतं. पन्नास स्वरांशांचा तक्ता २२० च्या सुराला वापरला तर त्याचे स्वरांश ११,००० वरच संपतात, आवाज मंद लागतो. तोच सूर घसरत सप्तकाची हद्द ओलांडून खाली गेला की एकदम नवा तक्ता येतो आणि आवाजात चकाकी उगवते. ऐकणाऱ्याला वाटतं कोणीतरी ट्रेबलची कळ फिरवली. सप्तकाचे तीन तुकडे करून, दोन तक्त्यांमध्ये हळूहळू मिसळत गेलं की हे बरंच झाकलं जातं. आणखी एक युक्ती अशी की स्वरांश २८,१०० पर्यंत जाऊ द्यायचे. ते दुमडून १६,००० च्या खाली येत नाहीत, आणि तिथे हॉर्नही फारसा बोलत नाही आणि कानही. बेंजोच्या तारेचा रंग असलेला आवाज मी शेवटी याच रीतीने केला, कारण त्याची लहर सूत्रात बसणारी नाही.

सॉ आणि पल्ससाठी, म्हणजे रुंदी बदलता येणाऱ्या चौकोनी लहरीसाठी, मात्र मला तक्ते नको होते, पल्सची रुंदी वाजवता वाजवता बदलायची होती. इथे लोकांनी केलेलं काम वाचायला बसलो. १९९६ मध्ये स्टॅनफर्डच्या टिम स्टिल्सन आणि ज्युलियस स्मिथ यांनी मर्यादित स्वरांशांच्या ठोक्यांची माळ बनवून तिची बेरीज करत जायचं, म्हणजे सॉ आणि चौकोनी लहर मिळते, असं मांडलं. २००१ मध्ये एली ब्रँट यांनी ठोक्याऐवजी थेट पायरीच गुळगुळीत करून ती झटक्याच्या जागी बसवायची रीत दाखवली, तीही हार्ड सिंकसाठी, म्हणजे एका ऑसिलेटरने दुसऱ्याला मधूनच शून्यावर आणण्यासाठी. २००५ मध्ये फिनलंडचे व्हेसा वेलिमाकी यांनी दाखवलेली रीत तर इतकी छोटी आहे की तिचा मोह पडतोच: सॉच्या प्रत्येक नमुन्याचा वर्ग करायचा, आधीच्या वर्गातून फरक काढायचा, आणि नमुन्यांचा दर भागिले वारंवारतेची चौपट, एवढ्याने गुणायचं. वर्ग केल्यावर ती लहर परवलयाची होते, तिचे स्वरांश सप्तकामागे १२ डेसिबलने उतरतात, म्हणून दुमडून येणारं मुळात कमी असतं. कोडमध्ये तीन ओळी. एकट्या सॉसाठी आजही ती मी कोणालाही सुचवेन. पण खालच्या सुरांना तो गुणक फुगतो, ४० हर्ट्झला जवळपास २७६ होतो, आणि हार्ड सिंक तिच्यात सहजासहजी बसत नाही.

मी थांबलो ते पॉलिब्लेपवर. वेलिमाकी आणि अँटी हुओविलाइनेन यांच्या २००७ च्या लेखात ते आहे. कल्पना अशी की लहर साधीच बनवायची, फक्त झटक्याच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक, असे दोनच नमुने दुरुस्त करायचे. इथे मला जे फार आवडलं ते हे की झटका नमुन्यावर कधी पडत नाही, तो दोन नमुन्यांच्या मध्ये कुठेतरी पडतो, आणि नेमका कुठे ते फेजलाच माहीत असतं.

एक उदाहरण हाताने सोडवून बघा. फेजचं पाऊल ०.०५ आहे, म्हणजे २२०५ हर्ट्झचा सूर. आत्ता फेज ०.९८ आहे. पुढचा १.०३, म्हणजे वजा करून ०.०३. एकापर्यंत पोहोचायला ०.०२ बाकी होते, म्हणजे झटका पावलाच्या ०.४ वर पडला, आणि त्यानंतर ०.६ पाऊल चालून आपण ०.०३ वर आलो. साधी लहर आधी ०.९६ आणि मग एकदम उणे ०.९४ देते. झटका ०.४ वर पडला की ०.१ वर पडला, हे या दोन आकड्यांत फार पुसट उमटतं, आणि एलियासिंग तिथूनच उगवतं. आता दुरुस्ती. अलीकडच्या नमुन्यासाठी एकातून ०.४ वजा करून वर्ग करायचा: ०.३६. तो वजा केला की ०.९६ चे ०.६० होतात. पलीकडच्यासाठी एकातून ०.६ वजा करून वर्ग: ०.१६. तो मिळवला की उणे ०.९४ चे उणे ०.७८ होतात. झालं. उभा कडा गेला, आणि झटका नेमका कुठे पडला होता ती माहिती त्या दोन आकड्यांत आली. बाकीच्या अठरा नमुन्यांना हातही लावायचा नाही.

पल्स म्हणजे असे दोन झटके, एक वर जाणारा, एक खाली. रुंदी कितीही बदला, झटक्याची जागा फेज सांगते.

याने काय फरक पडतो ते पुन्हा त्या ३००० च्या सुरावर बघितलं. २१०० वरचं भूत उणे २३ डेसिबलवर होतं ते उणे ७५ च्या आसपास गेलं. ९०० वरचं उणे ९० च्याही खाली. आठपट ओव्हरसॅम्पलिंगने जे झालं नाही ते दोन नमुन्यांच्या दुरुस्तीने झालं. मित्राला बोलावलं, तानपुरा लावला. त्याने तीच टोकाची मींड घेतली, पुन्हा घेतली, मग त्या जागेवरून हलेचना, नुसता वरच्या सप्तकातच वाजवत बसला.

पण पॉलिब्लेप सगळीकडे सारखं काम करत नाही, हे सांगायलाच हवं. जे स्वरांश ४४,१०० च्या जवळचे असतात ते सगळ्यात जास्त दबतात, आणि तेच दुमडून खालच्या, कानाला बोचणाऱ्या भागात येत असल्यामुळे फायदा मोठा वाटतो. ११,१०० वर पडणारं अकराव्या स्वरांशाचं भूत मात्र उणे ४२ पर्यंतच जातं. २०,१०० वरचं जेमतेम १० डेसिबल कमी होतं. शिवाय खरे वरचे स्वरांशही थोडे दबतात, १५,००० वर साडेतीन डेसिबलच्या आसपास. ट्रॉलीवरचा हॉर्न वरच्या टप्प्यात जोरात बोलतो, तिथे अकरा हजारावरची ती किरकिर मला नको होती.

मग दोन्ही जोडले: पॉलिब्लेप, आणि तेही दुप्पट वेगाने. ८८,२०० वर चालवलं की अकरा हजाराच्या आसपासची भुतं उणे ६० च्या घरात जातात आणि १५,००० वरचं दबणं एका डेसिबलच्या आत येतं. पॉलिब्लेपची उरलेली घाण नेमकी वर साठलेली असते आणि ओव्हरसॅम्पलिंगचा फिल्टर नेमकं वरचंच गाळतो, म्हणून ही जोडी जमते. दुप्पट वेगाने एवढं मिळत असताना आठपटीच्या मागे लागण्यात मला अर्थ दिसत नाही. टीन्सीचा वेळ उरतोच, तो फिल्टर आणि आवाजाच्या बाकी रंगकामाला लागतो.

त्रिकोणी लहरीसाठी वेगळं काही केलं नाही. तिच्यात विषम स्वरांशच असतात आणि ते वर्गाच्या प्रमाणात उतरतात. साध्या वेगातही पंधरावा उणे ४७ वर असतो, दुप्पट वेगाने आणखी खाली. काही जण चौकोनी लहरीची बेरीज करत जाऊन त्रिकोणी काढतात. मींडेत तिची पातळी सुराबरोबर हलते, म्हणून ती वाट मी घेतली नाही.

हार्ड सिंकला मात्र पॉलिब्लेप मनापासून साथ देतं. तिथे एका ऑसिलेटरचा फेरा संपला की दुसऱ्याला मधूनच शून्यावर आणतात, त्यामुळे झटक्याची उंची दर वेळी वेगळी असते. दुरुस्ती तीच, फक्त त्या क्षणाच्या उंचीने गुणायची. एक लक्षात ठेवायचं: झटक्याची जागा पहिल्या ऑसिलेटरच्या फेजवरून काढायची आणि दुसऱ्याला शून्यावर न ठेवता तेवढा तुकडा पुढे ठेवायचा. ते नाही केलं तर दुरुस्ती बरोबर असूनही सूर थरथरतो.

आता राहिलाय ओव्हरड्राइव्ह. आमच्या पार्ट्यांना लीड थोडं फाटलेलं लागतं, आणि लहर छाटली की नवे स्वरांश तयार होतात, म्हणजे ऑसिलेटर कितीही स्वच्छ केला तरी पुढच्या पायरीवर भुतं परत येतात. सध्या छाटणी त्याच दुप्पट वेगाच्या भागात घेतली आहे, गाळणी तिच्या नंतर. हलक्या ड्राइव्हला तेवढं पुरतं. पट्टीच्या टोकाला, ड्राइव्ह पूर्ण वाढवून मींड घेतली की मात्र मित्र अजून नकाराची मान हलवतो. तेवढ्या भागाला चौपट वेग देऊन बघतोय. त्याशिवाय २०१६ मध्ये छाटणीच्या सूत्राचं संकलन (इंटिग्रल) काढून त्याच्या फरकावरून एलियासिंग कमी करायची रीत मांडली गेली आहे, वर्ग आणि फरकाच्या त्या तीन ओळींच्या जवळची, ती कोडमध्ये उतरवायला घेतली आहे. गणपतीच्या आधी ते बसलं तर ही सिंथची पेटी यंदा ट्रॉलीवर चढेल.